लहानी पुढे गेलीय

“या स्वेटरात माजा गळा आवळतो,” जनीबाई म्हणाली. “मंग गानार कशी मी?”

“गाताना काढा. गाडीत घाला,” सरिता म्हणाली आणि सासूचा दुसरा हातही तिने बाहीत घातला. “तिकडं थंडी लई असते आई. आपल्या टोकावड्यासारखी नाय.”

टोकावड्याच्या फाट्यावर मुरबाडकडे जाणारी एसटी उभी होती. माळशेजकडून येणारं वारं अंगाला झोंबत होतं. भाताची झोडणी उरकली होती, खळ्यांवर पेंढ्याच्या उडव्या लागल्या होत्या, आणि रिकाम्या खाचरांतून वालाची पानं वर आली होती. सरिताचा नवरा कुंडलिक बॅगा घेऊन पुढे चढला. जनीबाई पायरीवर जरा थांबली, गावाकडे वळून बघितलं, आणि मग गुडघ्यावर हात देऊन वर चढली. आजवर ती जिथे कुठे गेली ती कुणाच्या तरी लग्नाला. आता परदेशी निघाली होती, तेही गायलाच.

जनीबाई धवलारीण होती. मुरबाड-शहापूरकडच्या कुणबी घरांत लग्न निघालं की हळद दळण्यापासून नवरी वाटेला लावण्यापर्यंत प्रत्येक कामाचं गाणं असतं. त्या गाण्याला धवला म्हणतात आणि ते म्हणणाऱ्या बाईला धवलारीण. धवला एकटीने म्हणता येत नाही. एक बाई ओळ सांगते, दुसरी झेलते. जनीबाई सांगायची आणि शेजारची लहानी झेलायची. दोघी एकाच साली सुना होऊन गावात आल्या, एकाच विहिरीवर पाणी भरलं, आणि उभा जन्म एकमेकींच्या मांडीला मांडी लावून दुसऱ्यांची लग्नं गायल्या. लहानी नावाचीच लहान. उंच, हाडापेराने रुंद, हसली की चार घरं पलीकडे ऐकू जायचं. जनीबाई बुटकी, बोलायला कमी. लहानीची खुबी अशी, की जनीबाईच्या ओळीचा शेवटचा शब्द ती खाली पडू द्यायची नाही. तो तोंडातून पुरता सुटायच्या आत तिने उचललेला असायचा. डोळे मिटून ऐकणाऱ्याला दोन बाया गाताहेत हे कळायचंही नाही.

कल्याणच्या कॉलेजात शिकवणारी प्रियांका मागे येऊन दोघींचे धवले रेकॉर्ड करून गेली होती. तिच्यामुळेच हे आमंत्रण आलं. नेपाळात, जनकपूरला, रामसीतेच्या लग्नाचा उत्सव असतो तेव्हा ठिकठिकाणच्या लग्नगीतांचा महोत्सव भरणार होता. आमंत्रण दोघींना होतं. लहानीने त्या दिवशी सगळ्या आळीत गूळ वाटला. पुढे लावणीच्या दिवसांत ती शेतावरून आली, ओटीवर टेकली, आणि टेकल्या जागी गेली.

त्यानंतर जनीबाई गायली नाही. तुळशीचं लग्न झालं, गावात मांडव पडले, तिथे लोकांनी स्पीकर लावले. जनीबाई घरात बसून ते ऐकायची. प्रियांका घरी आली. झेलायला दुसरी कुणी मिळेल का, असं तिने भीतभीतच विचारलं. जनीबाईने चुलीतलं लाकूड आत सारलं.

“सरितेचा आवाज बरा हाय,” ती म्हणाली.

सरिता मोरीत भांडी घासत होती. तिचा हात थांबला. आपण भांड्यांपाशी काहीबाही गुणगुणतो ते इतक्या वर्षांत सासूने कधी ऐकलं असेल, असं तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

सरिता अंगणवाडी सेविका. वजनकाटा, लसीच्या तारखा आणि उकळलेलं पाणी यांवर तिचा भरवसा. जे डोळ्यांना दिसत नाही त्याच्यासाठी तिच्याकडे वेळ नव्हता. पण ती धवले मन लावून शिकली. अडचण एकच होती. जनीबाईची ओळ संपली की तिला श्वास घ्यावा लागायचा, आणि त्या श्वासापुरतं गाणं उघडं पडायचं.

“येईल,” जनीबाई म्हणायची. “लहानीला पन पयल्या पयल्यानं येत नव्हतं.”

हे खोटं होतं. सरिताला ते कळत होतं, आणि सासू आपल्यासाठी खोटं बोलते याचं तिला बरंही वाटत होतं.

विमानाचं नाव काढताच जनीबाईने मान हलवली होती. म्हणून प्रियांका विमानाने पुढे गेली, आणि या दोघींसाठी कल्याणहून बिहारात जयनगरपर्यंत आगगाडी ठरली. तिथून नेपाळची छोटी गाडी पलीकडे जाते. मतदान कार्ड जवळ असलं की पुरे.

कल्याणला कुंडलिकने त्यांना डब्यात चढवलं. बर्थ मिळाले होते मधला आणि वरचा. सासूचे गुडघे वर कसे चढवायचे, ही सरिताची दोन आठवड्यांची काळजी होती. पण त्या आत शिरल्या तर खालचा बर्थ मोकळा. ज्याचा होता तो माणूस, समस्तीपूरचा एक सुतार, आधीच वर जाऊन पाय पसरून बसला होता.

“बैठिए माताजी,” तो म्हणाला. “आपके साथवाली कह गई हैं, नीचे का छोड़ देना. घुटने में दर्द रहता है ना.”

“साथवाली कौन?” सरिताने विचारलं.

“वही, बूढ़ी माताजी. लंबी सी.”

प्रियांकाने ओळखीच्या कुणाला तरी सांगून ठेवलं असेल, असं सरिताला वाटलं. चांगली बाई. तिने मनोमन तिचे आभार मानले, सासूच्या पायांवर चादर घातली, आणि खिडकीतून कुंडलिकला हात केला.

भुसावळला दिवस मावळत आला होता. फलाटावर केळीवाल्यांचा गलबला चालला होता. त्यातून एक मध्यम वयाचा चहावाला थेट त्यांच्या खिडकीपाशी आला. त्याच्या हातात चहा नव्हता, स्टीलच्या पेल्यात गरम पाणी होतं. पाणी पिवळं दिसत होतं.

“आजींना द्या. गुळण्या करायला,” तो म्हणाला. “मीठ-हळद टाकली आहे.”

“आम्ही सांगितलं नव्हतं,” सरिता म्हणाली.

“तुमच्या बाईंनी सांगितलं. मागच्या गाडीनं येताहेत, खिडकीत बसल्या असतील, म्हणे. गाण्याचा गळा आहे, जपा.” तो हसला. “उंच बाई. फार मोठ्यानं हसत होत्या. कुठं निघाल्या म्हटलं, तर म्हणाल्या लग्नाला.”

“कधी भेटल्या?”

“दुपारची गाडी गेली ना, तिला होत्या.”

गाडी हलली. सरिताने प्रियांकाला फोन लावला. नाही, तिने कुणालाही काही सांगितलं नव्हतं. ती तर पाटण्याला होती. सरिताताई, कुणी भली बाई असेल, प्रवासात असे लोक भेटतात, असं ती म्हणाली. सरितालाही ते पटण्यासारखं होतं. एवढंच, की या गाडीच्या आधी कुठली बाई गेली असेल तर तिला गुडघे, गळा, खिडकी कसं ठाऊक?

जनीबाईने पेला दोन्ही हातांत धरला होता. वाफ तिच्या तोंडावर येत होती.

“लहानी असंल,” ती म्हणाली.

“आई.”

“लग्नघरी ती नेमी आदी जायाची. मी सावकास मागून. मी पोचायच्या आत माजी जागा धरून, पानी सांगून मोकळी.” तिने एक घोट तोंडात घेतला आणि मान डोलावली. “मीठ तिच्याच हातचं. जरा जास्तच.”

सरिताने तिच्या स्वेटरची बटणं लावली आणि विषय बदलला. पण त्या संध्याकाळी, लावणीनंतर पहिल्यांदा, जनीबाई गुणगुणली. ओळ म्हणायची, थांबायची, ऐकत राहायची, आणि मग पुढची ओळ. मधल्या जागेत गाडीचा खडखडाट होता. सरिता ऐकायचं नाही असं ठरवून दुसरीकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सतन्याला एक बाई पत्रावळीवर गरम भात आणि पातळ वरण घेऊन खिडकीशी उभी होती. बिनमिरचीचं. मिरचीने त्यांचा गळा बसतो ना, असं तिने सांगितलं. कोणी सांगितलं हे विचारायची आता सरिताला गरज नव्हती, तरी तिने विचारलं. दिसायला कशी होती?

“यही, मेरी उमर की,” भातवाली म्हणाली. ती चाळिशीची असेल. “हाथ भर हरी चूड़ियाँ. बड़ी हँसमुख.”

सरिताच्या छातीवरचं ओझं उतरलं. लहानीमावशी गेली तेव्हा सत्तरी उलटलेली होती. नवरा जाऊन कितीतरी वर्षं झाली होती आणि मनगटं कायम मोकळी. म्हणजे ही कुणी वेगळीच. तिने हे सासूला जवळजवळ जिंकल्यासारखं सांगितलं.

जनीबाईचा घास हातातच राहिला. मग तिचा चेहरा हळूहळू उजळला.

“भरल्या म्हन तिनं बांगड्या,” ती म्हणाली. “हिरव्या तिला सोबायच्या.”

तिने भाताचं शीतही पानात ठेवलं नाही.

सरिता दिवसभर सासूला न्याहाळत होती. घाबरावं असं काही दिसत नव्हतं. उलट जनीबाईचं दुखणं पळालं होतं. ती कुणाचाही आधार न घेता उठत होती, सुताराशी खाणाखुणांनी गप्पा मारत होती, सरिताचं डोकं मांडीवर घेऊन केस विंचरत होती. “उवा हायेत का बघते,” म्हणाली आणि स्वतःच हसली. तिचा हात हलका लागत होता. फार हलका. सरिताला तिच्या मांडीवर झोप आली, आणि झोपेत शिरताना वाटलं की आपली आई गेल्यापासून असं कुणी केलं नव्हतं.

छपऱ्याला मात्र ती आधीच दारात जाऊन उभी राहिली. जो कोणी येईल त्याला तिथेच गाठायचं होतं. गाडी थांबली. कुल्हडात चहा घेऊन एक म्हातारा समोर उभा होता, जणू तिचीच वाट बघत. कुल्हड दोन होते.

“एक माताजी का,” तो म्हणाला, “और एक आपका. बोली, बहू को भी पिला देना, घबराई हुई है.”

“कौन बोली?”

“नई दुल्हन थी कोई. हल्दी भी नहीं छूटी थी हाथ की.” म्हातारा कौतुकाने हसला. “आपको पहचानती है.”

सरिताने चहा घेतला. कुल्हडाचा चटका बोटांना बसत होता. डब्यात येऊन तिने एक सासूला दिला. स्वतःचा तिने प्यायला नाही. जो माणूस कुणाला इतक्या मायेने वाटेला लावतो, प्रत्येक ठिकाणी तिचं सुख आधी बघून ठेवतो, तो तिला कुठे नेतोय? आणि तिथून परत आणायची त्याची इच्छा आहे का? हा विचार तिला पहिल्यांदाच आला आणि मग गेला नाही.

जयनगरला धुकं होतं. कार्डं दाखवून त्या पलीकडच्या गाडीत बसल्या. मोहरीची पिवळी शेतं, तळी, तळ्यांत उभे बगळे. जनीबाई सगळं असं बघत होती, की जणू कुणी तरी तिला ते आधी वर्णन करून सांगितलं होतं.

जनकपूरला प्रियांका घ्यायला आली होती. गायकांची सोय गावातल्या घरांतून केलेली होती. यांच्या वाट्याला आलं ते सुनैनादेवी नावाच्या एका विधवा शिक्षिकेचं घर. बाहेरच्या भिंतीवर बांबू आणि मासे रंगवलेले, अंगणात तांदळाच्या पिठीची रांगोळी. सुनैनादेवींनी जनीबाईचे पाय धुतले आणि तिला आतल्या खोलीत नेलं. एक रुंद पलंग होता. त्यावर दोन उशा शेजारी शेजारी.

“आणि माझी गादी?” सरिताने हिंदीत विचारलं.

“आपका बिस्तर उधर है, मेरे पास,” सुनैनादेवी म्हणाल्या. “यहाँ तो दोनों सहेलियाँ सोएँगी ना.” सरिताचा चेहरा बघून त्या गोंधळल्या. “सुबह एक लड़की आकर सब बता गई. मैंने समझा आपके घर की है. कह रही थी, माताजी अब यहीं रहेंगी. लौटना तो सिर्फ बहू को है.”

प्रियांका म्हणाली, काहीतरी गैरसमज झालाय, दोघींची परतीची तिकिटं माझ्याकडे आहेत. तिने ती काढून दाखवलीसुद्धा. जनीबाई पलंगावर बसून उशीवरून हात फिरवत होती.

“आई,” सरिता तिच्यापुढे खाली बसली. “तुमी घरी येनार ना?”

“येनार तर,” जनीबाई म्हणाली. “माज्या कोंबड्या कोन बघंल? कुंडलिक?” पण ती बोलत होती सरिताशी आणि बघत होती दाराकडे.

दुपारी जनीबाई अंगणात आंघोळीला गेली तेव्हा सरिता त्या खोलीत एकटीच उरली. बाहेर कुठे तरी ढोल वाजत होता, बाया हसत होत्या. पलंगावर ऊन पडलं होतं. अंगणवाडीतल्या बायांना ‘असल्या गोष्टींवर विश्वास ठेवू नका’ असं सांगणारी सरिता दुसऱ्या उशीसमोर हात जोडून उभी राहिली.

“लहानीमावशी,” ती हळू आवाजात म्हणाली. “तुमी वाटेत सगळं केलंत. माज्याच्यानं झालं नसतं येवढं. पन ती आमची पन हाय. तिला हितं नका ठेवू. परक्या भुईत नको. आपल्या मुलखापातुर तरी येऊ द्या तिला.”

काही झालं नाही. ढोल वाजत राहिला. सरिता डोळे पुसून वळली तेव्हा तिचं लक्ष उशीकडे गेलं. मधोमध खळगा होता, डोकं टेकल्यावर पडतो तसा. तिच्या डोळ्यांदेखत तो हळूहळू भरून वर आला.

गाणं तिसऱ्या प्रहरी होतं, उघड्या मैदानात, झेंडूच्या माळांखाली. डोंगरातल्या बाया गाऊन गेल्या, बंगालकडच्या गाऊन गेल्या. मग जनीबाईचं नाव पुकारलं. तिने स्वेटर काढून सरिताच्या हातात दिला, नऊवारीचा पदर खोचला, आणि व्यासपीठावरच्या चटईवर बसली. सरिता तिच्या उजव्या हाताला बसली. डाव्या हाताला जनीबाईने एका माणसापुरती जागा सोडली होती.

नवरी सासरी निघते तेव्हाचा धवला होता. वाटेत ती झाडाखाली बसते आणि उठतच नाही.

“उंबराचे सावलीला बसली गो नवरी, बसली गो नवरी, उठंना काय…”

“उठंना काय गो,” सरिताने झेललं. मध्ये श्वास होता. गाणं तिथे उघडं पडलं. दुसऱ्या ओळीला पडलं, तिसऱ्यालाही. एवढी माणसं समोर, एवढं ऊन, तोंड कोरडं. चौथ्या ओळीला सरिताचा श्वास छातीतच अडकला. तिने तोंड उघडलं, पण आवाज येईना. तिने तोंड मिटलं.

शब्द खाली पडला नाही.

जनीबाईच्या ओळीचं टोक कुणीतरी उचललं होतं. रुंद, मोकळा, हसरा आवाज होता. तरुण. डावीकडून येत होता. सरिताने तिकडे पाहिलं नाही. तिने समोरच्या माणसांकडे पाहिलं, ती डोलत होती. तिने सासूकडे पाहिलं. जनीबाईचे डोळे मिटलेले होते, गालावरून पाणी वाहत होतं, आणि तिचा उजवा हात चाचपडत येऊन सरिताच्या मांडीवर थांबला. तिने दोनदा थोपटलं. तू पन ये, असं म्हटल्यासारखं.

मग सरिताही गायला लागली. त्या आवाजाच्या मागे मागे जाताना तिला उमगलं, की श्वास ओळीच्या शेवटी घ्यायचाच नसतो. सांगणारी अजून सांगत असते, तेव्हाच चोरून घ्यायचा.

“सरिताताई,” नंतर प्रियांका तिला मिठी मारून म्हणाली, “श्वास घेतलात कुठे तुम्ही? जागाच सापडली नाही.”

त्या निघाल्या तेव्हा सुनैनादेवी रडल्या. जनीबाई पलंगावरून उठली, दोन्ही उशा नीट केल्या, आणि सरिताचा हात धरून स्टेशनवर आली. पाठीमागे एकदाही बघितलं नाही. सरिताला कुणाचे पाय धरावेत आणि किती, असं झालं होतं.

परतीच्या वाटेवर कुणी काही आणून दिलं नाही. छपऱ्याला तो म्हातारा होता, पण त्याने ओळख दाखवली नाही. सतन्याला सरिताने भांडून गरम पाणी मिळवलं, आणि त्या भांडणाचा तिला इतका आनंद झाला की कुंडलिकला फोन करून तो सांगितला. खालच्या बर्थसाठीही तिला एका पोराच्या विनवण्या कराव्या लागल्या. सगळं स्वतःच्या हातांनी करावं लागत होतं. सासू तिच्याजवळ होती, आणि पुढे कुणी गेलेलं नव्हतं.

वाटभर जनीबाई तिला धवले देत होती. हळदीचे, घाण्याचे, मांडवाचे, शिकवायचे राहिलेले सगळे. गाडीच्या ठेक्यात ती सांगायची आणि सरिता झेलायची. एकही शब्द आता पडत नव्हता. समोर बसलेल्या बाईने विचारलं, माँ-बेटी हो? “हां,” दोघीही एकदमच म्हणाल्या. शेवटच्या सकाळी सरिताने जवळ उरलेलं खाणं सासूला दिलं आणि स्वतः उपाशी राहिली. घरी जाऊन खाऊ, असं तिने मनाशी म्हटलं.

इगतपुरी गेली. बोगद्यांतून काळोख आणि ऊन, काळोख आणि ऊन. जनीबाई खिडकीला चिकटून बसली होती. घाट उतरून गाडी कसाऱ्याला आली आणि सिग्नलला थांबली. इथून शहापूर तालुका. वाळलेलं गवत, सागाची झाडं, फलाटावर टोपल्या घेऊन बसलेल्या बाया.

“आपला मुलूख आला गो,” जनीबाई म्हणाली.

“आला आई.”

“बरं झालं.” तिने खिडकीच्या गजाला डोकं टेकलं आणि डोळे मिटले. “तू जा, पानी घेऊन ये. मी हाय हितंच.”

सरिता बाटली घेऊन उतरली. नळाशेजारी एक म्हातारी उकडलेल्या शेंगांची टोपली घेऊन बसली होती. सरिताला बघताच तिने टोपलीतलं फडकं सोडलं. आत तांदळाची भाकर होती, वर हिरव्या मिरचीचा ठेचा.

“घे,” ती म्हणाली. “माजीच भाकर हाय, पन तुला द्याया सांगितली.”

बाटली नळाखाली भरून वाहू लागली.

“कोनी?” सरिताने विचारलं. “उंच बाई होती?”

“दोगी व्हत्या,” म्हातारी म्हणाली. “एक उंच, एक बुटकी. हातात हात घालून. आत्ताच गेल्या त्या अंगाला. काय हसत व्हत्या गो, मला पन हसू आलं. बुटकी बोलली, माजी सून मागून येते, सकाळपासून पोटात काय नाय तिच्या. तिला आदी खाऊ घाल, मंगच गाडीत जाऊ दे.” तिने सरिताकडे नीट पाहिलं. “मला वाटलं मस्करी करते. तुज्याहून लहान पोर ती. तिला कुठची आली सून?”

सरिताने गाडीकडे पाहिलं. खिडकीत जनीबाईचं डोकं गजाला टेकलेलं होतं. वाऱ्याने पांढरे केस गालावर आले होते. ते ती मागे सारत नव्हती.

“बस,” म्हातारी म्हणाली. “गाडीची घाई नको करू. तू खाल्ल्याबिगार ती सुटत नाय, असं बोलल्यात त्या.”

सरिता फलाटावर खाली बसली. तिने नळ बंद केला, भाकरीचा तुकडा मोडला आणि तोंडात घातला. ठेच्याने डोळ्यांत पाणी आलं. ती सावकाश चावत राहिली. डब्यांच्या दारांत माणसं येऊन उभी राहिली होती, गाडी का थांबलीय म्हणून वाकून बघत होती. म्हातारी शेंगा निवडत होती.

सरिताने शेवटचा घास गिळला. पुढे सिग्नल हिरवा झाला.